डाव्हिंची रिझॉल्व्हच्या फ्यूजनमध्ये माणसाच्या धडावर बोकडाचे शिर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दक्षयज्ञाची कथा मुलांसाठी चित्रित करताना शेवटच्या भागात दक्षाच्या धडावर बोकडाचे शिर दाखवणे भागच होते. मुखवटा न वापरता खरे शिर जोडायचे ठरल्यावर मी डाव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतील फ्यूजनवर, म्हणजे वेगवेगळी चित्रणे एकत्र जोडण्याच्या विभागावर, काम सुरू केले आणि गेले काही महिने ते सातत्याने वापरत आहे. २०१८ मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून फ्यूजन रिझॉल्व्हमध्येच समाविष्ट आहे, त्यामुळे संकलन आणि जोडकाम एकाच ठिकाणी होते. मोफत आवृत्तीत ३८४० × २१६० आकारापर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत व्हिडिओ काढता येतो. माझ्या कामाला ती पुरेशी ठरली.

प्रेक्षकाला शिर खरे वाटते की चिकटवलेले, हे मानेवर ठरते. माणसाची कवटी मणक्यांच्या वर टेकलेली असते, तर बोकडाची मान कवटीला मागच्या बाजूने जुळते. त्यामुळे बोकडाचे शिर मानेसह जसेच्या तसे ठेवले, तर ती मान तिरकी मागे जाऊन नटाच्या खांद्यामागे बाहेर येते. मी बोकडाची मान जबड्याच्या थोडी मागे, पॉलिगॉन मास्कने (बिंदू जोडून आखलेल्या बाह्यरेषेने) कापतो, मुस्कट किंचित खाली झुकेल असे शिर फिरवतो आणि गळ्याखालची लव उपरण्याच्या काठापर्यंत उतरवतो. मास्कची खालची कड सरळ ठेवली की ती लगेच डोळ्यात भरते; केसांच्या झुबक्यांप्रमाणे ती वरखाली असावी लागते आणि उपरणे हलले की तिनेही हलावे लागते. बोकडाची दाढी येथे फार उपयोगी पडते, कारण सांध्याचा बराच भाग तिच्यामागे झाकला जातो.

त्यानंतर सावली. शिराच्याच आकाराची प्रत काळी करून, धूसर करून, थोडी खाली सरकवून फक्त नटाच्या छातीवर आणि वस्त्रावर पडेल अशी मर्ज नोडने (एका चित्रावर दुसरे बसवणाऱ्या घटकाने) बसवावी. जबड्याखालचा हा अंधार नसेल, तर बाकी सर्व काम अचूक असूनही शिर हवेत तरंगत राहते.

बोकडाचा चेहरा माणसाच्या डोक्यापेक्षा अरुंद असल्याने नटाचे कान आणि केस दोन्ही बाजूंनी डोकावतात. ते पुसण्यासाठी नट नसलेली रिकामी चौकट, म्हणजेच क्लीन प्लेट, त्याच तिकाटण्यावरून, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स न बदलता आधीच चित्रित करून ठेवणे अत्यावश्यक आहे. नटाच्या डोक्याच्या जागी ती प्लेट आणि तिच्यावर बोकडाचे शिर, असा क्रम लागतो.

बोकड हिरव्या कापडासमोर, सावलीत उभा करून चित्रित केला. जनावराच्या रंगाची निवड येथे महत्त्वाची ठरते. संगमनेरी शेळीच्या पांढऱ्या केसांवर कापडाची हिरवी झाक चटकन उतरते आणि ती काढताना केसांचा मूळ रंगही मळकट होतो. उस्मानाबादी बोकडाच्या काळ्या केसांवर ही झाक कमी दिसते, मात्र एक्स्पोजर कमी पडले तर केसांचा पोत हरवून नुसता काळा गोळा उरतो. हिरवा रंग काढून टाकणारा डेल्टा कीयर नोड कानांच्या आणि दाढीच्या बारीक केसांना चांगले सांभाळतो. शिराचा रंग दृश्याशी जुळवताना कलर करेक्टरमधील प्री-डिव्हाइड, पोस्ट-मल्टिप्लाय हा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर केसांच्या कडेला विजोड रंगाची रेघ उमटते.

शिर नटाच्या हालचालीला बांधण्यासाठी मी त्याच्या कपाळपट्टीवर ठळक खुणा लावून हालचालीचा माग घेणारा ट्रॅकर नोड वापरतो. नट चालतो किंवा वाकतो तेथे ही पद्धत भरवशाची आहे. दोन्ही चित्रणे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटरवर असली, तरी स्थिर बोकडाचे शिर हलत्या धडावर फारच रेखीव दिसते. म्हणून ट्रान्सफॉर्म नोडमधील मोशन ब्लर (हालचालीची धूसरता) चालू करावा लागतो.

खरी मर्यादा डोळ्यांची आहे. बोकडाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि बाहुली आडवी असते, त्यामुळे समोरून घेतलेल्या दृश्यात दक्ष कोणाकडे पाहत आहे हेच कळत नाही. तीन-चतुर्थांश कोनातून तीच नजर जिवंत आणि व्याकूळ वाटते. बोलण्याचा प्रश्नही असाच आहे. रवंथ करताना जबडा आडवा फिरतो, उच्चारासाठी तो वरखाली हवा असतो. ग्रिड वार्पने (जाळीचे बिंदू ओढून चित्र ताणण्याच्या साधनाने) खालचा ओठ हलवता येतो, पण लांब संवादात तो रबरी दिसू लागतो. मी संवाद तोडून लहान केले आणि उरलेला भाव नटाच्या खांद्यांवर व हातांवर सोपवला. बोहाडा या लोकोत्सवात मुखवटा बांधलेला सोंगाड्या अंगानेच बोलतो. येथेही नटाकडून तेच काम अपेक्षित असते आणि ते त्याला चित्रीकरणापूर्वी समजावून सांगावे लागते.

फ्यूजनसाठी ३२ जीबी मेमरीची शिफारस आहे आणि ती गांभीर्याने घ्यावी. १६ जीबीवर मला आधी हिरवा रंग काढून (की करून) शिराची पारदर्शक प्रत वेगळी काढून घ्यावी लागते आणि मगच पुढचे जोडकाम सुसह्य होते. सशुल्क स्टुडिओ आवृत्तीतील मॅजिक मास्क नट वेगळा काढण्याचे श्रम वाचवतो. तथापि मानेचा सांधा त्यानंतरही हातानेच बसवावा लागतो, म्हणून केवळ या कामासाठी मी ती घेतलेली नाही. नट मान पूर्ण वळवणार असेल, तर सपाट चित्रणातील शिर पुरत नाही. तेथे ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय शिर घडवावे लागते, आणि केसांचे काम तेथे कितीतरी अधिक वेळखाऊ आहे.