यूएसबी हेडफोनचा आवाज: ड्रायव्हर बदलावा की वरूनच कापावा?

आमच्या फोंड्याच्या घरात दोन यूएसबी हेडफोन आहेत आणि दोघांची दुखणी एकमेकांच्या उलट. मी रात्री जत्रेतल्या संगीत नाटकांची रेकॉर्डिंग साफ करत बसतो. विंडोजची पट्टी दोनवर असली तरी ऑर्गनचा पहिलाच सूर कानठळ्या बसवतो, शून्यावर नेली की एकदम गप्प. भाच्याचा हेडफोन शंभरावरही पुटपुटतो. जुलैत कौलांवर पाऊस कोसळायला लागला की कॉलवरचा समोरचा माणूस त्याला नुसता ओठ हलवताना दिसतो.

पहिली चूक आम्ही दोघांनीही केली: रिअलटेकचा, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या साउंड चिपचा, नवा ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) टाकला. त्याचा इथे काडीचा संबंध नाही. यूएसबी हेडफोनला स्वतःचं छोटं साउंड कार्ड असतं; रिअलटेक लॅपटॉपच्या स्पीकरांपुरतं आणि गोल जॅकपुरतं. आणि कॉल आल्यावर फक्त गाणंच बारीक होत असेल, तर ड्रायव्हरपर्यंत जाऊच नका. साउंडच्या जुन्या खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ टॅब आहे. तिथे बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणायची सोय मुळातच चालू असते. ‘डू नथिंग’ निवडा.

आता खरी निवड. हेडफोनची चिप आपला कमीत कमी आणि जास्तीत जास्त आवाज किती डेसिबल, हे विंडोजला सांगते आणि पट्टी त्यावर बेतली जाते. चिपनेच चुकीचं सांगितलं की पट्टी फसते. कंपनीच्या ड्रायव्हरला ती चिप ओळखीची असते, ही त्याची जमेची बाजू. पण त्याच्या पॅनेलमध्ये आवाजाची आणखी एक पट्टी असू शकते, आणि ती खाली अडकली तर विंडोजमध्ये शंभर करून काही होत नाही. भाच्याचं नेमकं हेच झालं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’, मग कॉम्प्युटरवरच्याच यादीतून ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’ निवडलं आणि हेडफोन बोलू लागला. सराउंड गेलं, पण ऑफिसच्या कॉलला सराउंड कशाला हवं? बिनसलंच तर ‘रोल बॅक’ आहे.

माझा मात्र आधीपासून विंडोजच्याच ड्रायव्हरवर होता आणि कंपनीने वेगळा ड्रायव्हर काढलेलाच नाही. मग मी इक्वलायझर एपीओ टाकलं (विंडोजचा आवाज हेडफोनपर्यंत पोचायच्या आधीच बदलणारं सॉफ्टवेअर) आणि त्यातला प्रीअँप, म्हणजे एकूण आवाज वरखाली करायचा आकडा, उणे २० डेसिबल केला. म्हणजे सिग्नल दहाव्या हिश्श्यावर, कानाला साधारण पाव. आता पट्टी तीसवर सुखाने असते. लिनक्सवाल्यांना हाच खेळ वायरप्लंबरमध्ये (तिथला आवाज सांभाळणारा प्रोग्राम) सॉफ्ट मिक्सर, म्हणजे हेडफोनऐवजी सॉफ्टवेअरनेच आवाज कमी करायची सोय, चालू करून जमतो.

पुटपुटणाऱ्या हेडफोनला हा उपाय उलटा लावू नका. प्रीअँप अधिक करून पाहिला, तर संवाद मोठे झाले, पण तार सप्तकातली तान फाटली. डिजिटल आवाजाला छत असतं, त्याच्या वर जाता येत नाही. तिथे ड्रायव्हरच बदलावा. आणि एपीओला बगल देऊन थेट हेडफोनशी बोलणाऱ्या, एएसआयओ (विंडोजचा मिक्सर टाळणारी वाट) वापरणाऱ्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज कापला जात नाही, हे मला कान देऊन शिकावं लागलं.

एक कटकट उरतेच. पोर्ट बदलला की विंडोज कधी कधी त्याच हेडफोनला नवा पाहुणा समजतो आणि एपीओमध्ये पुन्हा टिक करावी लागते. म्हणून बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका माझ्या पोर्टशेजारी आहे.