बीजेटी की मॉसफेट: स्विच म्हणून कोणता घ्यावा?

मायक्रोकंट्रोलरच्या पिनला रिले किंवा मोटर थेट जोडता येत नाही. अर्दुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या पिनमधून २० मिलिअँपिअरच्या आतच राहावं. ४० ही अगदी शेवटची मर्यादा. मधे ट्रान्झिस्टर, म्हणजे छोट्या सिग्नलने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग, लागणारच. बीजेटी आणि मॉसफेट हे त्याचे दोन प्रकार. तो कोणता, हे मी लोडचा, म्हणजे चालवायच्या रिले-मोटरचा, करंट बघून ठरवतो. १०० मिलिअँपिअरपर्यंत बीजेटी, अर्ध्या अँपिअरच्या वर लॉजिक-लेव्हल मॉसफेट, म्हणजे पिनच्या व्होल्टेजवरच नीट उघडणारा. मधल्या टप्प्यात दोन्ही चालतात.

बीजेटी करंटवर चालतो. बेस, कलेक्टर आणि एमिटर हे त्याचे तीन पाय. बेसमधून करंट वाहिला की कलेक्टरकडून एमिटरकडे वाट मोकळी होते. समजा, बीसी५४७ या बीजेटीने ७० मिलिअँपिअर घेणारा ५ व्होल्टचा रिले चालवायचा आहे. डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) गेन, म्हणजे बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट, शंभराच्या वर दिसतो, म्हणून बेसला पाऊण मिलिअँपिअर पुरेल असं वाटतं. स्विचसाठी हा हिशोब चालत नाही. ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये गेला, म्हणजे पूर्ण उघडला पाहिजे. अर्धवट उघडा राहिला तर त्याच्यावर व्होल्टेजही पडतं, करंटही वाहतो आणि तो तापतो. म्हणून कलेक्टर करंटचा दहावा हिस्सा, म्हणजे ७ मिलिअँपिअर, बेसला द्यायची रीत आहे. पिनच्या ५ व्होल्टमधून बेस-एमिटरचे ०.७ गेले, उरले ४.३. त्याला ७ मिलिअँपिअरने भागलं की ६१४ ओहम येतात. ५६० चा रेझिस्टर लावा, काम झालं.

हाच दहावा हिस्सा मोठ्या लोडला महाग पडतो. २ अँपिअरसाठी २०० मिलिअँपिअर पिन कुठून देणार? मग लोक टीआयपी१२० सारख्या डार्लिंग्टनकडे, म्हणजे एकात एक जोडलेल्या दोन बीजेटींकडे, वळतात. त्याचा गेन भरपूर, पण चालू असताना त्याच्यावर एक व्होल्टच्या आसपास पडतो, म्हणजे २ अँपिअरला २ वॅट नुसती उष्णता. १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीसाठी तो मी सुचवणार नाही.

मॉसफेटचं गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा पाय, व्होल्टेजवर चालतं. एकदा ते चार्ज झालं की करंट जवळजवळ लागतच नाही. आयआरएलझेड४४एन या लॉजिक-लेव्हल मॉसफेटच्या गेटवर ५ व्होल्ट दिले, की त्याचा रोध २५ मिलिओहमपर्यंतच राहतो. २ अँपिअरला हा ०.१ वॅट झाला. हीटसिंकची गरज नाही.

पण इथे खरेदीतली सगळ्यात मोठी फसगत होते. आयआरएफ५४०एन या मॉसफेटच्या डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे तो उघडू लागतो ते गेट व्होल्टेज, २ ते ४ व्होल्ट लिहिलेला असतो, आणि ५ व्होल्टला तो पूर्ण उघडेल असं वाटतं. हा थ्रेशोल्ड मोजतात २५० मायक्रोअँपिअरला, म्हणजे वाट जेमतेम किलकिली झाल्यावर. त्याचा ४४ मिलिओहमचा आकडा १० व्होल्ट गेटला दिलेला आहे. थ्रेशोल्डची ओळ सोडा. चालू अवस्थेतला रोध किती गेट व्होल्टेजला दिला आहे, तेवढंच वाचा. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या ३.३ व्होल्टला तर आयआरएलझेड४४एनही मला नको वाटतो, कारण त्याचा रोध ४ व्होल्टच्या खाली दिलेलाच नाही. तिथे २.५ व्होल्टला रोध सांगणारा एओ३४०० घ्यावा. तो सरफेस माउंट असतो, सोल्डरिंगला थोडा हात बसावा लागतो.

गेटचा आणखी एक स्वभाव आहे. पिन तरंगती असेल, उदाहरणार्थ रिसेट होताना, तर गेटवरचा चार्ज तसाच राहतो आणि मोटर आपोआप फिरू शकते. गेट आणि सोर्समध्ये (मॉसफेटचा ग्राउंडकडचा पाय) १० किलोओहमचा रेझिस्टर हवाच. बीजेटीला बेस करंट मिळाला नाही की तो बंद होतो, त्यामुळे तिथे ही धास्ती कमी.

रिले किंवा मोटर असेल, तर दोन्ही प्रकारांत कॉइलला उलटा डायोड लावा. १एन४००७ चालतो. कॅथोड, म्हणजे त्याचं पट्टी असलेलं टोक, पॉझिटिव्हकडे.