जुना कर्नल की नवा? डेबियन, उबुंटू, आर्च यांच्यात अडकलेल्यांसाठी

लिनक्स टाकायचं ठरलं की सगळी भांडणं डेस्कटॉप गनोम की केडीई यावरच होतात, आणि खाली कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा, कोणता चालणारे, त्याला पॅच म्हणजे दुरुस्ती कोण लावणार आणि किती दिवसांत लावणार हे कोणी बघतच नाही. बघितलं तरी उत्तर ठरलेलं असतं, सर्व्हर असेल तर जुना घ्या, तो स्टेबल, लॅपटॉप असेल तर नवा घ्या, तो सिक्युअर. हे अर्धंच खरंय. मागच्या काही वर्षांतले मोठे घोळ बघितले तर जुन्यानेही दगा दिलाय आणि नव्यानेही, फक्त दोघांची दगा द्यायची तऱ्हा वेगळी आहे.

आधी पर्याय पटकन सांगतो. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सकडून साधारण नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची एक नवी आवृत्ती येते, आर्च आणि फेडोरा या डिस्ट्रो (लिनक्सचे तयार संच) ती काही दिवसांत-आठवड्यांत घेतात. वर्षातली एक आवृत्ती एलटीएस, म्हणजे जास्त काळ सांभाळायची, म्हणून निवडतात, ५.१०, ५.१५, ६.१, ६.६, ६.१२ या सगळ्या त्यातल्याच, त्यांच्यात पुढे नवीन काही येत नाही, नुसत्या दुरुस्त्या येत राहतात. डेबियन अशीच एक एलटीएस धरतं, डेबियन १२ ला ६.१ आणि १३ ला ६.१२. उबुंटू आणि रेड हॅटचा कारभार निराळा, उबुंटू २४.०४ चा मूळ कर्नल ६.८ आणि रेड हॅटच्या आरएचईएल ९ चा ५.१४, या दोन्ही आवृत्त्या मूळ कर्नल डेव्हलपरांच्या एलटीएस यादीत नाहीतच, त्या कंपन्या स्वतःच्या माणसांकडून सांभाळून घेतात. त्यामुळे नुसता आकडा बघून कर्नल किती जुना ते ठरवू नका, रेड हॅटच्या ५.१४ मध्ये मागाहून इतकं काही घातलेलं असतं की २०२१ च्या मूळ ५.१४ शी त्याचं नातं नावापुरतंच उरतं.

आता सिक्युरिटी. २०२२ ची डर्टी पाइप नावाची कर्नलमधली सुरक्षेची चूक घेऊ, कारण जुना-नवा वादासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. मॅक्स केलरमन हा डेव्हलपर होस्टिंगच्या कामात होता, तिथे गिऱ्हाइकाची तक्रार आली की वेब सर्व्हरच्या लॉगची जीझिप फाइल उघडत नाहीये, सीआरसी (फाइल शाबूत आहे का ते तपासणारा आकडा) चुकतोय. फाइल दुरुस्त करून दिली, विषय मिटला, मग परत तीच तक्रार, मग परत. शेवटी सगळ्या बिघडलेल्या फायली शेजारी शेजारी ठेवून बघितल्यावर दिसलं की बिघाड कायम शेवटच्या आठ बाइटमध्येच आहे, बहुतेक फायली महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आहेत, आणि त्या आठ बाइटच्या जागी झिपच्या हेडरची सुरुवात येऊन बसलीये. म्हणजे महिन्याभराच्या लॉगची झिप करून देणारा प्रोग्राम त्या फायली नुसत्या वाचत होता, त्याला तिथे लिहायची परवानगीच नव्हती, तरी त्याचं लिखाण फायलीत उतरत होतं! कर्नलच असं करत असणार हे स्वतःला पटवायलाच त्या माणसाला वेळ लागला असेल.

कारण असं की पाइपच्या (एका प्रोग्रामचा डेटा दुसऱ्याला देणारी कर्नलमधली नळी) बफरवरचा एक फ्लॅग साफ करायचा राहून जात होता. ही चूक ४.९ पासूनची, पण तोवर निरुपद्रवी होती, ५.८ मध्ये त्या भागातल्या कोडची आवराआवर झाली आणि तिला दात फुटले. मग कुठल्याही साध्या युजरला जी फाइल वाचता येते तिची मेमरीतली प्रत बदलता यायला लागली, आणि तिथून रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, दोनच पावलांवर.

आता हिशोब बघा. उबुंटू २०.०४ चा मूळ ५.४ कर्नल ठेवणाऱ्याला काहीच झालं नाही, त्याच उबुंटूवर एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठी उबुंटू देतं तो नवा कर्नल) घेऊन ५.१३ वर गेलेला सापडला. डेबियन १० चा ४.१९ वाचला, डेबियन ११ चा ५.१० सापडला. फोनमध्येही तेच, पिक्सेल ६ आणि गॅलेक्सी एस२२ हे तेव्हाचे नवेकोरे फोन अडकले आणि जुन्या कर्नलवरचे फोन सुटले.

मग जुना जिंकला? नाही ना. डर्टी काऊ ही अशीच दुसरी चूक २०१६ मध्ये उघड झाली तेव्हा ती २.६.२२ पासून म्हणजे २००७ पासून कर्नलमध्ये बसलेली होती, जुन्यातला जुना घेतला असता तरी ती होतीच. एनएफ-टेबल्स या कर्नलच्या फायरवॉलमधली सीव्हीई-२०२४-१०८६ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या चुकीला दिलेला नंबर) तशीच, २०१४ च्या ३.१५ पासून ते जानेवारी २०२४ पर्यंत सगळीकडे, आणि पुढे अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने ती प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जातेय असं सांगून आपल्या यादीत घातली. अशा वेळी आवृत्ती कोणती याने काही फरक पडत नाही, पॅच तुमच्या मशीनवर कधी आला आणि तुम्ही रीबूट कधी केलं एवढंच उरतं. डेबियन, उबुंटू, रेड हॅट आणि आर्च, चारही ठिकाणी गंभीर गोष्टींचे पॅच वेळेत येतात असा माझा तरी अनुभव आहे, किरकोळ गोष्टींना उबुंटू आणि रेड हॅटला जास्त दिवस लागतात, तेवढं चालतं.

आणि सीव्हीई मोजायच्या भानगडीत पडू नका. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले स्वतःच सीव्हीई नंबर देतात आणि त्यांचं म्हणणं असं की कर्नलच्या पातळीवर कुठला बग कधी शस्त्र होईल सांगता येत नाही, म्हणून जवळपास प्रत्येक दुरुस्तीला नंबर मिळतो. त्यामुळे स्कॅनर चालवला की शेकडो लाल ओळी येतात, मॅनेजर घाबरतो, आणि त्यातला निम्मा माल अशा ड्रायव्हरांचा असतो जे तुमच्या मशीनवर लोडही होत नाहीत. अमुक कर्नलला जास्त सीव्हीई म्हणून तो वाईट, ही तुलना फसवी आहे.

स्टेबिलिटीचं मात्र वेगळं आहे आणि इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो. एलटीएस म्हणजे गोठवलेला कोड असं वाटतं, तसं अजिबात नाही, दर आठवड्याला शंभराच्या पटीत बदल नव्या कर्नलमधून उचलून जुन्यात टाकले जातात. याला बॅकपोर्ट म्हणतात, आणि हे काम दुसऱ्याच्या सदऱ्याची बाही उसवून आपल्या सदऱ्याला शिवण्यासारखं आहे, बहुतेक वेळा बसते, कधीकधी खांद्यात घोळ होतो.

डिसेंबर २०२३ ला हेच झालं. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमची एक दुरुस्ती ६.१.६४ मध्ये आणली, पण ती ज्या आधीच्या बदलावर उभी होती तो आणायचा राहिला. परिणाम असा की डायरेक्ट आय-ओ (मधली मेमरी टाळून थेट डिस्कवर लिहिणं) करताना फाइलीत कुठपर्यंत लिहून झालं याचा हिशोबच चुकायला लागला, म्हणजे थेट डेटा करप्शन. नव्या मेनलाइनमध्ये, म्हणजे टोरवाल्ड्सच्या मूळ कर्नलमध्ये, तो आधीचा बदल ६.५ पासूनच होता, त्यामुळे तिथे काही झालं नाही, मार बसला तो सेफ म्हणून जुना निवडलेल्यांना. डेबियन १२.३ ची घोषणा नेमकी त्याच शनिवारी होती, पॅकेजेस डाउनलोडच्या मिरर सर्व्हरांवर गेलेली होती, इन्स्टॉलच्या इमेज थांबवल्या, लोकांना अपग्रेड करू नका म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ६.१.६६ घेऊन थेट १२.४ काढलं. कहर म्हणजे त्या ६.१.६६ मध्येही वायफायचा एक लोचा निघाला, तो ६.१.६७ ला मागे घ्यावा लागला. स्टेबल डेबियनवर एका आठवड्यात एवढं सगळं.

नव्याकडचं उदाहरण ५.१९.१२, सप्टेंबर २०२२ च्या शेवटी आलेला. इंटेल ग्राफिक्सवाल्या काही लॅपटॉपचे स्क्रीन पांढरे लखलखायला लागले, आणि इंटेलच्याच डेव्हलपरने सांगितलं की पॅनेलला वीज द्यायच्या वेळा चुकतायत, याने एलसीडी खराबही होऊ शकतो, लॅपटॉपवर हा कर्नल चालवू नका. ५.१९.१३ ला ते बदल काढून टाकले. पण तो पण बॅकपोर्टचाच घोळ होता बरं का, नवीन कोड म्हणून नाही, शिवण चुकली म्हणून. फरक एवढाच की आर्चवाल्यांच्या अंगावर हे काही दिवसांत आलं आणि डेबियनवाल्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण त्यांच्याकडे ५.१९ नव्हताच.

खरंखुरं नव्या कोडचं दुखणं बघायचं तर २०१८ चा ४.१९, तिथेही लोकांच्या ईएक्सटी४ डिस्क बिघडत होत्या आणि बिचाऱ्या ईएक्सटी४ वर आळ आला, बग निघाला डिस्कची वाचनं-लेखनं पुढे पाठवणाऱ्या ब्लॉक लेयरमध्ये, शोधायला काही आठवडे गेले. आणि ४.१९ तर पुढे एलटीएस म्हणून वर्षानुवर्षं चालला! म्हणून एलटीएस आवृत्ती निघाली रे निघाली की उडी मारायची नाही, दोन-तीन महिने जाऊ द्यायचे.

मग घ्यायचं काय. सर्व्हर असेल, ज्याच्यावर दुसऱ्यांचा डेटा आहे, तर डेबियन स्टेबल किंवा उबुंटूचा मूळ कर्नल, एचडब्ल्यूई नाही, आणि अपडेट आलं की आधी टेस्ट मशीनवर, मग दोन दिवसांनी खऱ्यावर. दोन दिवस थांबलं तर ६.१.६४ सारखं प्रकरण टळतं, पण डर्टी पाइपसारखं काही असेल तर थांबायचं नाही, त्याच रात्री लावायचं, हा फरक करायला अनाउन्समेंट वाचाव्या लागतात, त्याला इलाज नाही. रीबूटची अडचण असेल तर उबुंटू प्रोचं लाइव्हपॅच (चालू कर्नललाच पॅच लावणं) वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे. पण लाइव्हपॅच आहे म्हणून चारशे दिवस अपटाइम मिरवणारे लोक बघितले की मला काळजीच वाटते, सगळेच पॅच तसे लागत नाहीत.

एकाच मशीनवर बरेच युजर असतील, कॉलेजची लॅब म्हणा किंवा शेअर्ड होस्टिंग, तर कर्नलच्या वयापेक्षा अनप्रिव्हिलेज्ड युजर नेमस्पेस (साध्या युजरला स्वतःपुरत्या कप्प्यात रूटसारखे अधिकार देणारी सोय) उघडं आहे का ते आधी बघा, वरच्या एनएफ-टेबल्सच्या हल्ल्याला आत शिरायला तेच दार लागायचं. डेबियन ११ पासून ते बाय डिफॉल्ट चालू असतं, उबुंटू २४.०४ मध्ये अ‍ॅपआर्मर या प्रोग्रामांवर बंधनं घालणाऱ्या यंत्रणेने बरंच आवळलंय. इथे उबुंटू सरळ पुढे आहे. डेबियनवर हाताने बंद करता येतं, पण रूटलेस (रूटशिवाय चालणारे) कंटेनर वगैरे वापरत असाल तर ते बंद पडतील.

नवीन लॅपटॉप असेल तर मात्र जुन्याचा हट्ट नको, वायफाय चालत नाही, झोपेतून उठत नाही, बॅटरी खातो, हे सगळं सोसून सिक्युरिटीत काडीचा फायदा नाही. उबुंटू डेस्कटॉप तसाही एचडब्ल्यूई देतो, डेबियनवर बॅकपोर्ट्स नावाच्या वेगळ्या पॅकेज-साठ्यातून नवा कर्नल मिळतो, फेडोरा तर उत्तमच, तिथे शेवटचे तीन कर्नल राहतात, नवा बिघडला तर ग्रबमधून, म्हणजे बूट मेनूतून, मागचा निवडायचा. झेडएफएस ही फाइल सिस्टिम किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर थोडं मागे राहा, ही बाहेरची मॉड्यूल्स (कर्नलला जोडायचे तुकडे) नव्या कर्नलवर बिल्ड व्हायला वेळ घेतात आणि पहिला बूट काळ्या स्क्रीनवर थांबतो.

उबुंटूवाल्यांसाठी एक पर्याय मी सरळ बाद करतो, तो म्हणजे उबुंटूच्या मेनलाइन बिल्ड्स हाताने उतरवून टाकणं. व्हिडिओंमध्ये फार सांगतात हे. त्यांना सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, सिक्युअर बूटसाठी सही नसते, आणि एलटीएस नसलेली आवृत्ती पुढची निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत बंद होते, म्हणजे नवा म्हणून टाकलेला कर्नल दोन-तीन महिन्यांत बेवारस.

आर्चवर असाल तर मुख्य कर्नल वापरा, पण शेजारी एलटीएसचं पॅकेज टाकून बूट मेनूत त्याची नोंद आत्ताच करून ठेवा, अडल्यावर नाही. कारण आर्च अपग्रेड करताना जुना कर्नल मॉड्यूल्ससकट काढून टाकतो, मग रीबूट न करता पेनड्राइव्ह लावला की तो माउंटच होत नाही आणि लोक पेनड्राइव्ह बदलत बसतात.