मुंबईतून अमेरिकेचं मत पाठवलं: सोय छान, पण मताला वजन किती?

न्यू जर्सीत वीस वर्षं काढून आम्ही पार्ल्याला परत आलो, पासपोर्ट अमेरिकेचाच राहिला, त्यामुळे २०२४ च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत इथूनच मत दिलं. ही सर्व्हिस कशी आहे असं ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून लिहितेय.

सोय खरंच चांगली आहे. फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन म्हणून फॉर्म असतो, फुकट, दरवर्षी नव्याने भरायचा आणि अमेरिकेत शेवटचे जिथे राहत होतो तिथल्या निवडणूक ऑफिसला पाठवायचा. मतपत्रिका निदान ४५ दिवस आधी निघाली पाहिजे असा कायदाच आहे, म्हणून ५ नोव्हेंबरच्या मतदानाची माझी मतपत्रिका सप्टेंबरातच ईमेलवर आली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली, घरी दार लावून काळ्या पेनाने गोल भरले आणि सही अगदी फॉर्मवर होती तश्शी केली, दोनदा आधी कोऱ्या कागदावर गिरवून, कारण सही जुळली नाही म्हणून मत बाद झालं तर सगळी मेहनत पाण्यात. पाकीट बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये नेऊन दिलं, बांद्र्याहून शेअर रिक्षाने. तिथून ते सरकारी टपालाने जातं, पण पोचायला काही आठवडे लागू शकतात त्यामुळे शेवटच्या दिवसांवर ठेवू नका. सोयीला ५ पैकी ५.

आता ज्या निवडणुकीसाठी हे सगळं केलं तिला मी २ च्या वर देणार नाही. आमच्या ह्यांनी तर पाकीट पाठवलंच नाही, म्हणाले जर्सीचा निकाल ठरलेलाच असतो, आणि मला त्यांना खोडून काढता आलं नाही, कारण १९९२ पासून दर वेळी जर्सी डेमोक्रॅट्सकडेच गेलीय. एका मताने जरी राज्य जिंकलं तरी तिथली सगळी इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष ठरवायला प्रत्येक राज्याला वाटून दिलेली मतं) एकालाच, मेन आणि नेब्रास्का सोडले तर सगळीकडे हेच. जर्सीची १४ डेमोक्रॅट्सच्या कमला हॅरिसबाईंना मिळाली, माझ्या मताशिवायही मिळालीच असती. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात माझा मावसभाऊ राहतो, त्याच्या दारावर रोज कोणीतरी टकटक करायचं, टपालात पत्रकांचा ढीग, कारण तिथली १९ मतं कुठेही झुकू शकत होती. ट्रम्पनी ती साधारण १ लाख २० हजारांच्या फरकाने घेतली. आम्ही एकाच देशाचे मतदार ना, मग त्याला एवढा मान आणि मला कोणी विचारतही नाही, हे मला पटत नाही. २०१६ ला हिलरी क्लिंटनना देशभरात जवळपास २९ लाख मतं जास्त पडूनही त्या हरल्या, २००० ला फ्लोरिडातल्या ५३७ मतांच्या फरकावर सगळं ठरलं. दोन्ही पक्षांवर माझा फारसा विश्वास नाही, पण राग पक्षांपेक्षा या मोजणीवर जास्त आहे. इथे लोकसभेला मी शेजारणीबरोबर नुसती बूथपर्यंत गेले होते, तिच्या बोटाला शाई लागली, तिचं मत तिच्या उमेदवाराच्या आकड्यात पडणार हे तिला माहीत होतं.

देशभरात ज्याला जास्त मतं त्यालाच आपली इलेक्टोरल मतं द्यायची असा एक करार राज्याराज्यांत चाललाय, न्यू जर्सीने त्यावर २००८ लाच सही केलीय, पण करारातल्या राज्यांच्या इलेक्टोरल मतांची बेरीज २७०, म्हणजे जिंकायला लागतात तेवढी, झाल्याशिवाय तो लागू होत नाही. तो होईल तेव्हा २ चे ४ करीन.

तोपर्यंत पाठवणार का? हो, दर वेळी. त्याच मतपत्रिकेवर हाउसचा, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाचा, उमेदवारही असतो आणि तिथे माझं मत सरळ त्याच्या खात्यात जातं. फॉर्म जानेवारीतच भरून टाका, आणि ईमेल पत्ता नीट तपासा.