अण्णांचा हात आणि ४२ हजारांचं मशीन

गेल्या श्रावणात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. घरी आणल्यावर फिजिओथेरपीच्या ताई रोज यायच्या. दीड महिन्यात अण्णा काठी धरून उभे राहिले, हात मात्र उठेना. तेवढ्यात तालुक्याला एका मंगल कार्यालयात लकव्याचं 'मोफत शिबिर' लागलं.

तिथल्या माणसाने अण्णांच्या कोपराखाली दोन चिकट पॅड लावले, बटण फिरवलं आणि मनगट आपोआप वर आलं! आई रडायलाच लागली. "नस जागी झाली," तो म्हणाला. "आता व्यायाम बंद, नसेवर ताण येतो. रोज दोन तास मशीन लावा." ४२ हजार मोजले, हातात कच्ची पावती. ताईंना येऊ नका असं मीच कळवलं.

अडीच महिन्यांनी बोटं मुठीत इतकी आवळली, की नखं तळव्यात रुतू लागली. ती कापताना अण्णा कळवळायचे. शेवटी ताईंना बोलावलं. त्यांनी मशीनवरचं सोनेरी स्टिकर नखाने सोललं. खाली छापलेलं होतं 'टेन्स'. दुखणं कमी करायला वापरतात ते साधं यंत्र, दोन-तीन हजारांत मिळणारं.

करंट दिला की कुणाचाही स्नायू आकसतो, त्यात मेंदूने काहीच केलेलं नसतं, हे ताईंनी समजावलं. विजेचे उपचार खोटे नाहीत. पाऊल लोंबत असेल, खांदा सांध्यातून खाली उतरत असेल तर वापरतात, पण व्यायामाच्या जोडीला. झटका बसतो त्याच क्षणी रुग्णानेही हात उचलायचा जोर लावायचा असतो. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅड लावायचेच नाहीत. शिबिरात एकाही म्हाताऱ्या माणसाला कुणी पेसमेकरबद्दल विचारलं नव्हतं. आठवलं की अजून काटा येतो.

अर्धांगवायूनंतर सुधारणा सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. त्यातले अडीच मी घालवले.

शिबिरवाल्याचा फोन बंद आहे. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पावती आणि शिबिराचं पत्रक जपून ठेवलंय. लकवा बरा करतो अशा औषधांच्या आणि जादुई उपचारांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, हे मला तेव्हा कळलं.

तुमच्यासमोर कुणी असं मनगट उचलून दाखवलं, तर त्याला मशीन बंद करायला लावा आणि मग रुग्णाला म्हणा, आता उचला हात.