चिकूच्या कानाचे ६,२०० आणि बाकीचे ६८,४०० रुपये

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. आमच्या गावाचं हसून झालंय. "कुत्र्याले बोर्डिंगात टाकलं होतं म्हणते!" हे मी पानठेल्यावर ऐकलं, सोसायटीत ऐकलं आणि एका तेरवीच्या पंगतीत, पाठमोरा बसलेलो असताना, तेही ऐकलं. तेव्हा लाज वगैरे जी जायची ती गेलेली आहे. आता निदान दुसऱ्या कोणाचे पैसे वाचावेत म्हणून लिहितो.

मी संत्र्याचा माणूस. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात साडेसहाशे झाडं आहेत. उभ्या बागेचा सौदा करताना व्यापारी काय काय खेळतात ते मला पाठ आहे. इसार देऊन गायब होणारे, तोडणीच्या दिवशी भाव पाडणारे, बारीक माल म्हणून चांगला ढीग बाजूला काढणारे, सगळे पाहिले. आजवर एकालाही मी फुकट फळ नेऊ दिलं नाही. आणि त्याच माणसाने तीन महिन्यांत फोनवरून, एक पावती न घेता, ७४,६०० रुपये पाठवले. कोणाला? तर कुत्रा शिकवणाऱ्याला.

चिकू आमचा लॅब्राडोर, फिक्या पिवळ्या रंगाचा. २०२३ च्या दिवाळीआधी अमरावतीहून ९,००० रुपयांना आणला. विकणारा म्हणाला ४५ दिवसांचा आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच बंदी आहे हे मला आता कळलं, तेव्हा सगळेच ४५ दिवस म्हणतात म्हणून मीही मान डोलावली. कागद नव्हते, मागितलेही नाहीत. पाच महिन्यांचा असताना सशामागे कुंपणाच्या काटेरी तारेखालून घुसला आणि डावा कान फाडून घेतला. टोकाला बोटभर खाच राहिली. ही खाच लक्षात ठेवा.

राखणीला लॅब कामाचा नाही, हे मान्य. रानडुक्कर पाहून हा शेपटी हलवतो. पण फेकलेली वस्तू आणण्यात त्याला तोड नाही. झाडाखाली गळलेलं संत्रं तोंडात धरून आणेल आणि सालीवर दाताची खूण नसेल. पोरगी नववीत आहे, तिने याचे व्हिडिओ टाकले. त्यावर साडूने नागपूरच्या बाहेर शेतात कुत्र्यांचं प्रशिक्षण देणाऱ्या एकाचा नंबर दिला. साडूने स्वतः तिथे कधी पाय ठेवला नव्हता, हे नंतर कळलं. ओळखीतून आलेला नंबर म्हणजे खात्री नव्हे. ओळखीच्या माणसाचा कुत्रा तिथे राहून आला आहे का, एवढंच विचारा.

तो शिकवणारा घरी आला. माणूस गोड. लॅबचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची जाळी ओढायचे, इंग्लंडच्या केनेल क्लबने या जातीला १९०३ मध्ये मान्यता दिली, सगळं घडाघडा सांगितलं. मी नंतर तपासलं, ते खरंच होतं. तिथेच तर घात झाला. चार गोष्टी खऱ्या निघाल्या की पाचवी आपण चावतही नाही, गिळतो. ब्रिटिश मापाप्रमाणे नराची उंची खांद्याशी ५६ ते ५७ सेंटिमीटर असावी म्हणाला, खिशातून टेप काढला, चिकूला लावला आणि म्हणाला, "सत्तावन्न! भाऊ, हा शोचा कुत्रा आहे, तुम्ही याले वावरात ठेवला." बायको चहा घेऊन आली तोवर मी मनातल्या मनात चिकूच्या गळ्यात फित घातली होती. (परवा मी स्वतः मोजला. एकसष्ट.)

मी एवढा का भाळलो? त्या वर्षी सौदा बरा झाला होता. पोरीचा हट्ट होता. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडच्या माणसाला कुठे बक्षीस मिळतं? गारपिटीचा पंचनामा आणि फळगळीचा अनुदान-अर्ज सोडून माझं नाव कधी कुठल्या कागदावर आलेलं नाही. यात चूक असेल तर आहे.

हिशेब असा. अनामत ५,०००. तीन महिने राहणं-शिकवणं दरमहा १२,००० प्रमाणे ३६,०००. परदेशी खाद्याचं ७,४००, कारण "भात-भाकर खाल्लेल्या कुत्र्याच्या केसाले चमक येत नाही". रजिस्ट्रेशन आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) ८,५००. शोची एंट्री, हँडलर म्हणजे शोमध्ये कुत्रा फिरवणारा, अंघोळ-कटिंग मिळून ११,५००. डॉक्टरचे ६,२००. पैसे एका बाईच्या नावाच्या खात्यात जायचे. विचारलं तर म्हणाला, मिसेस हिशेब पाहते. संत्र्याचा व्यापारी असं बोलला असता तर मी त्याला बांधावरूनच परत पाठवला असता.

१० नोव्हेंबर २०२४ ला चिकू गेला. जाण्याआधी आमच्या संत्र्याच्या काट्यावर त्याचं वजन केलं, गंमत म्हणून. ३१ किलो. तो आकडा लिहून ठेवला, हे एकच काम मी शहाणपणाचं केलं.

दर रविवारी व्हिडिओ यायचा. आणि आता ते, ज्याने मला अजून झोप येत नाही.

१२ डिसेंबरला, मधल्याच वारी, एक व्हिडिओ आला. हिरवळीवर चिकू लाकडी डंबेल उचलतो, धावत येतो, समोर बसतो, हातात देतो. देखणा. मी तो गावातल्या सगळ्यांना पाठवला. रात्री पोरगी म्हणाली, "बाबा, याचा कान तर चांगला आहे." मी पाहिलं. डावा कान खरंच शाबूत होता. आणि मी, बारावी सायन्स झालेला माणूस, तिला समजावून सांगितलं की सेल्फी कॅमेऱ्यात डावं-उजवं उलट होतं. ती गप्प बसली. उलटं होतं तर खाच दुसऱ्या कानावर दिसायला हवी ना? दुसरा कान मी पाहिलाच नाही. व्हिडिओ ४० सेकंदांचा होता, बोटाने थांबवून पाहायला दोन सेकंद लागले असते. नव्या वर्षात एकदा दोन्ही कान पाहिले, दोन्ही शाबूत. तेव्हाही फोन करून विचारलं काय? "साहेब, कानाचं काय झालं?" तो क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, फाटक्या कानाचे जज मार्क कापतात, म्हणून डॉक्टरकडून टाके घालून बसवून घेतला, बिल पाठवतो. बिल आलं ६,२०० चं. मी भरलं. भरताना "धन्यवाद" असंही लिहिलं.

म्हणजे मला संशय आला, आणि त्या संशयाचेही पैसे मीच दिले.

१९ जानेवारीला इंदूरला शो झाला म्हणे. चिकू पहिला आला म्हणे. प्रमाणपत्राचा फोटो आला, त्यावर "चॅम्पियन". आता ऐका. एका शोमध्ये कुठलाही कुत्रा चॅम्पियन होत नसतो, त्याला वेगवेगळ्या शोमधून तीन चॅलेंज सर्टिफिकेट, म्हणजे जजने दिलेली प्रमाणपत्रं, मिळवावी लागतात. रजिस्ट्रेशन नसेल तर अशा शोची एंट्रीच होत नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया ही कुत्र्यांची नोंदणी करणारी चेन्नईची १८९६ पासूनची संस्था, तिच्या वेबसाइटवर कोणत्या गावी कधी शो आहे ते लागलेलं असतं. मी पाहिलं, पण फेब्रुवारीत. त्या तारखेला इंदूरला शो नव्हता. मायक्रोचिपचा नंबर १५ अंकी असतो, माझ्या प्रमाणपत्रावरचे मोजले तर चौदा. अख्ख्या बागेची फळं नजरेने मोजणारा मी, चौदा अंक मोजले नाहीत.

प्रमाणपत्रानंतर फोन लागेना. २ फेब्रुवारीला, रविवारी, गाडी काढून मीच गेलो. हिरवळ कुठेच नव्हती. टिनाच्या शेडमध्ये नऊ कुत्रे साखळीला, कोपऱ्यात कोंबडीच्या पायांचं पातेलं, परदेशी खाद्याचं एक रिकामं पोतं दाराला पायपुसणं म्हणून. मालक नव्हता, एक पोरगा होता. चिकूला मी ओळखलं ते कानाच्या खाचेवरून. होती तशीच होती. टाके कुठले!

काट्यावर चढवला. २२ किलो ४०० ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्लेटलेट ४२ हजार, जिथे निदान दीड-दोन लाख तरी हवेत. गोचीड ताप. २८ दिवस गोळ्या, दोन सलाइन, तपासण्या, एकूण ९,३५०. हे त्या ७४,६०० च्या वरचे. डॉक्टरांनी मानेवर स्कॅनर फिरवला, चिप नाहीच. आणि शिक्षण? संध्याकाळी मी मच्छर मारायला हात उचलला तर चिकू जमिनीला पोट टेकवून मुतला. तीन महिन्यांत तो एवढं शिकून आला होता.

डॉक्टर तेव्हा जे म्हणाले ते आधी कोणी सांगितलं असतं तर! कुत्रा माणसाला आणि जागेला धरून शिकतो. जो शिकवणारा मालकाला सोबत उभं करत नाही, त्याच्याकडे शिकलेलं घरी येऊन टिकत नाही. दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी, खिशात उकडलेल्या कोंबडीचे तुकडे, बस. भाकरी, अंडी, उकडलेलं मांस यावरही लॅब चांगला वाढतो, फक्त कांदा, द्राक्षं, चॉकलेट नको आणि वाढत्या पिल्लाला मनाने कॅल्शियम पाजू नका. हे सगळं फुकटात होतं.

आता तक्रारीची कहाणी. तालुक्याच्या ठाण्यात गेलो. ठाणेदार साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्या दिवशी बंदोबस्तात. तिसऱ्या दिवशी हवालदाराने सगळं ऐकलं, मध्येच दुसऱ्याला हाक मारून बोलावलं, "इकडे ये न बे, हे आयक." मग म्हणाला, "जनावर भेटलं ना वापस? मंग कायचा गुन्हा?" मी म्हटलं पैसे. तर म्हणे घटना नागपूरकडची, तिकडे जा. तिकडे गेलो, दीडशे रुपये पार्किंग आणि चहात, तर म्हणे पैसे कुठून पाठवले? घरून? मग हद्द तुमची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी कागदावर छापून नेलं तेव्हा साहेब म्हणाले, "वकील आहे का तुम्ही?" नाही साहेब, संत्रावाला आहे. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि किल्ली सुट्टीवर. चौथ्या खेपेला पोच मिळाली, त्यावर तारीख त्या दिवशीची. म्हणजे माझे मधले अकरा दिवस कुठे गेले ते त्या शिक्क्यालाच ठाऊक. पहिल्याच दिवशी पोच घ्या, नाही दिली तर स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा, राजेहो. ती पावती कोणी कपाटात ठेवू शकत नाही.

बँकेत म्हणाले, तुम्ही स्वतः पिन टाकला, आमचा संबंध नाही. पशुसंवर्धनवाले म्हणाले, आमच्याकडे गाई-म्हशी. पैदास करून पिल्लं विकणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत, नोंदणी लागते. शिकवणाऱ्याला काही विचारत नाही कोणी. उपाशी ठेवलं म्हणून प्राण्यांच्या क्रूरतेचा गुन्हा लावा म्हटलं, तर कायदा १९६० चा आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. जवळजवळ नऊ किलो घटलं माझं जनावर. त्या शेडमधला पोरगा खर्रा यापेक्षा महाग खात असेल.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते. पण पावती नाही, करार नाही, फक्त मोबाइलचे स्क्रीनशॉट आणि काट्यावरचे दोन आकडे. पहिली नोटीस "पत्ता अपुरा" म्हणून परत आली. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासात. मी तीन आठवडे शरमेत घालवले. तोवर खात्यात काय उरणार?

आणखी काही आठवतं तसं. कुत्रा ठेवायचाच तर न कळवता एकदा जाऊन या, फोन करून गेलात तर हिरवळ दिसेल. सोडण्याआधी वजन, दोन्ही कान, दात, चारी पाय, सगळ्याचे तारखेसह फोटो काढा. व्हिडिओ कॉल मागा, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको, आणि कॉलवर कुत्र्याला नावाने हाक मारा. चिकू आपलं नाव ऐकून मान वाकडी करतो, त्या व्हिडिओतल्या कुत्र्याने कधी केली नाही. चिपचा नंबर सांगितला तर कोणत्याही डॉक्टरकडे स्कॅन करून घ्या, पैसे त्यानंतर. आणि घरातलं लेकरू काही दाखवत असेल तर त्याला कॅमेऱ्याचं शास्त्र शिकवू नका.

चिकू आता २९ किलो आहे. संत्रं अजूनही आणतो, पण माझ्या हातात देत नाही, पोरीच्या पायाशी ठेवतो.

गेल्या आठवड्यात त्या माणसाची नवी जाहिरात आली. नंबर बदलला आहे, नाव बदललं आहे, व्हिडिओ तोच. खाली यवतमाळकडचा कोणी विचारत होता, "भाऊ, फी किती?" मी उत्तर टाकलं, पाच मिनिटांत काढून टाकलं गेलं आणि मला ब्लॉक केलं. हिरवळ, लाकडी डंबेल, फिक्का पिवळा लॅब, दोन्ही कान शाबूत, गळ्यात लाल पट्टा. दिसला तर ओळखा.