एमएसडब्ल्यू कुठून करावं: मुंबई की तुळजापूर?

राजापूर-लांज्याकडच्या मुलामुलींना एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी (टाटा संस्थेत ती एमए म्हणून मिळते) घेऊन गावात काम करायचं असेल, तर बहुतेकांसमोर पहिलं नाव येतं मुंबईचं. १९५५ पासूनचं निर्मला निकेतन किंवा देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. दुसरा पर्याय याच टाटा संस्थेचं धाराशिव जिल्ह्यातलं तुळजापूर केंद्र. दोन्हीकडे दोन वर्षं आणि क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन करायचं काम, अटळ.

मुंबईत क्षेत्रकार्य बहुधा वस्त्या, रुग्णालयं, बालगृहं, कौटुंबिक न्यायालय अशा ठिकाणी होतं. संस्थांच्या ओळखीही भरपूर होतात. आणि एक गोष्ट आपल्याकडे कमी बोलली जाते: कोकणातल्या कितीतरी वाड्यांचे निर्णय मुंबईच्या ग्रामस्थ मंडळात होतात. ही मंडळं चालवणारे चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत गेलेले गावकरी, समजून घ्यायचे तर मुंबईच बरी.

तुळजापूरला मात्र ग्रामीण भागच वर्ग असतो. ग्रामसभा, रोजगार हमी, बचतगट, पाणलोट, ऊसतोडीसाठी होणारं स्थलांतर हे सगळं जवळून दिसतं. तो दुष्काळी मुलूख आपल्यापेक्षा वेगळा, हे खरं. पण भरपूर पाऊस पडूनही मे महिन्यात आपल्या धनगरवाड्यांवर टँकर का लागतो, हा प्रश्न तिथे शिकलेल्याला लवकर भिडेल. कुळांच्या जमिनी, सामायिक सातबारा, मच्छीमारांचे वाद मात्र दोन्हीकडे स्वतःच शिकावे लागतील.

परत गावीच यायचं पक्कं असेल तर मी तुळजापूर सुचवेन. आरोग्य किंवा बालहक्कात काम करायचं असेल तर मुंबई.